छंद त्यांचा, वाट आपली

पावसाने जोर धरला की रविवारी सकाळच्या लोकलने मळवली स्टेशनावर पाठीला पिशव्या लावलेली पोरं उतरू लागतात. कोणी लोहगड-विसापूरला जातो, कोणी तुंग-तिकोन्याला, तर कोणी लोणावळ्याहून राजमाची धरतो. आपण तेव्हा गुडघाभर चिखलात आवणीला वाकलेलो असतो. मनात येतं, यांना कामधंदा नाही काय?

मला तसे वाटत नाही. आठवडाभर कारखान्यात, कचेरीत राबून एखादा स्वतःच्या दमावर शिखर गाठतो, त्यात वाईट ते काय? आपणही पंढरीला पायीच जातो ना!

काळजी आहे ती एकट्या जाणाऱ्याची. मे २०२२ मध्ये बाहेरगावचा एक तरुण कुरवंड्याजवळ नागफणीच्या रानात एकटाच गेला आणि वाट चुकला. तसे त्याने घरी फोनवर कळवलेही. पोलीस, एनडीआरएफचे जवान, लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रची मंडळी दऱ्या धुंडाळत राहिली. चौथ्या दिवशी हाती आला तो मृतदेह. पाऊस नाही, धुके नाही, भर उन्हाळ्यात हे घडले.

याच कुरवंडे घाटाने फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखानाची फौज उतरली आणि उंबरखिंडीत शिवरायांनी तिला कोंडले. खानाकडे माणूसबळ कमी नव्हते. पण रानाची माहिती होती ती मावळ्यांना. आजही ती आपल्या गुराख्यालाच आहे. ढोरवाट कुठे फुटते आणि गडाची वाट कुठली, हे त्याला अंधारातही कळते.

तुम्ही म्हणाल, किल्ला पुरातत्त्व खात्याचा, रान वनखात्याचे, ग्रामपंचायतीने कशाला डोके घालायचे? खरे आहे. पण रात्री हाक आली की बॅटरी घेऊन पहिला धावतो तो गावचाच पोरगा. मग आधीच शहाणपण का करू नये?

सरपंच, पोलीस पाटलांनी एवढे करावे. वाटेवरच्या शेवटच्या घरी एक वही ठेवावी. जाणाऱ्याने नाव, स्वतःचा व घरचा फोन, कुठल्या वाटेने जाणार आणि कधी परतणार, एवढे लिहावे. उतरल्यावर सही करावी. दिवेलागणीपर्यंत सही नसेल तर लगेच फोन फिरवावा, सकाळची वाट पाहू नये. वनखात्याला विचारून फसव्या फाट्यांवर बाणाच्या पाट्या लावाव्यात. गावातली चार पोरे वाटाड्ये म्हणून नेमावीत आणि त्यांचा दर फळ्यावर लिहावा. त्यांनाही चार पैसे सुटतील. कोणाला अडवायचे नाही, दमदाटी तर मुळीच नको.

येत्या १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. एकदा आवणी सुरू झाली की कोणाला सवड नसते. शंभर पानी वहीला पैसे ते किती लागणार? आणि तिच्यामुळे एक जरी आईचा लेक घरी परतला तरी वहीचे पैसे फिटले.