घड्याळ त्यांचं बदलतं, मीटिंग आपली चुकते

भिलाईत बसून न्यूयॉर्क, लंडन किंवा सिडनीच्या ऑफिसचं काम करणाऱ्यांना, आणि ज्यांची मुलं तिकडे आहेत अशा टाउनशिपमधल्या आईवडिलांनाही, एक विनंती आहे. मार्च महिना आणि ऑक्टोबरचा शेवट, या दोन वेळांना कॅलेंडरकडे जरा संशयाने बघा.

‘आपल्याकडे घड्याळ बदलतच नाही, मग आपल्याला काय?’ असं पुष्कळजण म्हणतात. अर्धं खरं आहे. आपली प्रमाणवेळ ज्या ८२.५ अंश रेखांशावर ठरली, तो छत्तीसगडमधूनच जातो. त्यामुळे भिलाईचा सूर्य आणि भिलाईचं घड्याळ यांत सरासरी जेमतेम साडेचार मिनिटांचं अंतर. मुंबईत ते अडतीस-एकोणचाळीस मिनिटं भरतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या सप्टेंबरपासून १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत, आपल्याकडचीही घड्याळं तासभर पुढे होती. आता तो प्रकार नाही. भिलाईचा कारखाना उभारायला जे रशियन आले, त्यांच्या मॉस्कोनेही २०१४ पासून काटे हलवणं सोडलं. अडीच तासांचा फरक बारा महिने तोच.

पण अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. ब्रिटन आणि युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. या तारखा जुळत नाहीत, घोळ तिथेच. २०२६ चं उदाहरण घ्या. न्यूयॉर्कची सकाळी ९ ची मीटिंग हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला असते. ८ मार्चपासून ती साडेसहाला आली. लंडनची ९ ची दुपारी अडीचला होती, ती दीडला आली थेट २९ मार्चला. मधले तीन आठवडे लंडन-न्यूयॉर्क अंतरही पाचाऐवजी चार तासांचं. तिन्ही गावांची माणसं एकाच मीटिंगला असतील, तर त्या दिवसांत कुणीतरी तासभर चुकणारच. सिडनीचं तर उलटंच: तिथे ऑक्टोबरमध्ये पुढे, एप्रिलमध्ये मागे.

म्हणून टेबलावर चिकटवलेली ‘अमेरिका म्हणजे साडेदहा तास’ ही चिठ्ठी आधी काढून टाका.

मग एवढंच बघा, की दर आठवड्याची मीटिंग कुणाच्या घड्याळावर बांधली आहे. न्यूयॉर्कच्या साहेबाने त्याच्या वेळेवर लावली असेल तर त्याचे ९ पक्के, आपली वेळ सरकणार. तुम्ही भारतीय वेळेवर लावली असेल तर आपले साडेसात पक्के, त्याच्याकडे १० वाजणार. दोन्ही कॅलेंडरं बरोबरच असतात. तरी कुणीतरी ‘सिस्टीम चुकली’ म्हणून मीटिंग हाताने सरकवतो, आणि नोव्हेंबरात तोच गोंधळ उलट्या बाजूने येतो. सरकवण्याआधी एक फोन करा. आणि ग्राहकाच्या सोयीची मीटिंग असेल तर निमंत्रण त्यालाच पाठवायला सांगा, किंवा आउटलुकमध्ये, गूगल कॅलेंडरमध्ये ती लावताना टाइम झोन त्याच्या शहराचा निवडा. मेलमध्ये वेळ लिहितानाही ‘न्यूयॉर्कचे ९, आपले साडेसहा’ असं लिहावं. लोक जुलैतही ‘ईएसटी’ लिहितात. ती हिवाळ्याची वेळ झाली.

आता मशीनबद्दल. न्यूयॉर्कचं निमंत्रण भारतीय वेळेत दाखवायचं, तर सुपेल्यातल्या दुकानवजा ऑफिसमधल्या कॉम्प्युटरलाही न्यूयॉर्कचा नियम ठाऊक हवा, आणि तो अपडेटमधून येतो. नियम बदलतातही. अमेरिकेने आजच्या तारखा २००७ मध्ये लागू केल्या, तेव्हा मेल सर्व्हरपासून आधीच नोंदवलेल्या मीटिंगपर्यंत सगळं दुरुस्त करावं लागलं होतं. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक ठिकाणी हा प्रकार बंद केला, इजिप्तने २०२३ मध्ये पुन्हा सुरू केला. लेबनॉनने त्याच वर्षी ऐन वेळी तारीख पुढे ढकलली आणि निर्णय फिरवलाही. तेवढ्यात एकाच देशात दोन वेळा चालू झाल्या. नेट वाचवायला अपडेट बंद ठेवलेल्या जुन्या पीसीला यातलं काही कळत नाही.

वेळ जुळेना म्हणून कॉम्प्युटरचं घड्याळ हाताने मागेपुढे करणं हा मात्र सगळ्यात वाईट उपाय. मेलच्या वेळा चुकतात, लॉगिनचं ऑथेंटिकेटर ॲप त्याच कॉम्प्युटरवर असेल तर त्याचे कोड जुळत नाहीत, आणि मूळ चूक तशीच राहते. झोन भारताचा, वेळ आपोआप, अपडेट चालू: एवढं ठेवा. ऑफिसचं आयटी बघणाऱ्याने घड्याळ बदलण्याच्या आदल्या शुक्रवारी सगळ्यांना एक मेल टाकावा: सोमवारची पहिली मीटिंग भारतीय वेळेने किती वाजता. पुष्कळ फोन वाचतील.

मुलगी फिनिक्सला असेल तर आईवडिलांनी निर्धास्त राहावं. ॲरिझोनात, नवाहो लोकांचा भाग सोडला, तर घड्याळ बदलत नाही. साडेबारा तासांचा फरक कायमचा. तिचं ऑफिस न्यूयॉर्कचं असेल, तर मात्र हे सगळं तिलाही वाचायला पाठवा.