यादीत बसलं म्हणजे झालं?

एखादा भाग बंद असूनही विमान उडू शकतं, हे कळलं तेव्हा मी दचकलोच होतो. पण ‘मिनिमम इक्विपमेंट लिस्ट’ म्हणजे जुगाड नव्हे. काय बंद चालेल, कोणत्या अटींवर, किती दिवस (‘बी’ वर्गाला ३, ‘सी’ला १०), हे आधीच शांत डोक्याने ठरवलेलं असतं.

तरी २० ऑगस्ट २००८चं माद्रिद आठवतं. एमडी-८२ विमानाच्या तापमान मोजणाऱ्या नळीचा हीटर जमिनीवरच तापत होता. यादीप्रमाणे तो बंद केला. मुळाशी कुणी गेलं नाही. पुढे वैमानिक फ्लॅप उघडायला विसरले आणि बजावणारा भोंगाही वाजला नाही. हीटर आणि भोंगा, दोघांचा रिले एकच होता. १५४ माणसं गेली.

‘चालेल का?’ हे यादी सांगते. ‘का बिघडलं?’ हे आपणच विचारायचं असतं, नाही का?