पाण्याचे नृत्य की पडद्याचे?

पाणी हा विषय घेऊन समकालीन नृत्य बसवावे, मागच्या पडद्यावर लाटांची चित्रफीत सोडावी आणि तिच्या निळाईत नर्तकांना बुडवून टाकावे, अशी एक रीत रंगमंचावर रूढ झाली आहे. प्रेक्षक दिपतात, टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या नर्तकाला की प्रोजेक्टरला, हा आमचा सवाल आहे.

‘हे परदेशी खूळ’ म्हणून हात झटकणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकलेल्या उदय शंकर यांनी १९७० साली ‘शंकरस्कोप’मध्ये चित्रपट आणि जिवंत नृत्य यांची सांगड घातलीच होती. आमचा आक्षेप यंत्राला नाही. यंत्रावर भार टाकून अंग चोरणाऱ्या नृत्याला आहे.

तैवानच्या लिन ह्वाय-मिन यांची १९९८ ची ‘मून वॉटर’ ही रचना पाहा. तीत रंगमंचावर खरे पाणी येते ते अखेरीस; तोवर नर्तकांच्या संथ हालचालींनीच पाणी उभे केलेले असते. इतके दूर तरी कशाला जावे? आपला कोळी बांधव वल्हे घेऊन खांदे झुलवू लागला की होडी दिसते आणि तिच्याखालची लाटही दिसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पडद्यावरचे हे नितळ, बिननावाचे पाणी कुठले? परळ-लालबागच्या माणसाला हिंदमाताचे गढूळ पाणी ठाऊक आहे, २६ जुलै २००५ ठाऊक आहे. चपला हातात, मूल खांद्यावर आणि उघड्या मॅनहोलच्या धास्तीने चाचपत टाकलेले पाऊल, हे त्याचे पाण्यातले चालणे. तुंबणारे पाणी साठवण्यासाठी महापालिकेने परळच्या सेंट झेवियर मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन कला पार्कखाली टाक्या बांधल्या. भरतीला समुद्र पाणी घेत नाही, म्हणून ते तिथे थांबते आणि ओहोटीला सुटते. वर कला, खाली कोंडलेले पाणी! नृत्यकाराला याहून मोठा विषय कोणता हवा? तरीही चित्रफितीसाठी कुठला तरी अनोळखी निळा सागर शोधला जातो, याची आम्हांला चीड येते.

आमच्या वाचकांनी हा वाद कलावंतांचा म्हणून सोडून देऊ नये. धर्मग्रामाच्या स्नेहसंमेलनातही मुलांच्या मागे उद्या असाच पडदा लागेल. तेव्हा नाच बसवणाऱ्यांना एवढेच विचारा: ऐन कार्यक्रमात वीज गेली, तर मुलांच्या अंगात किती पाणी उरेल?