जेवणाचे ताट आणि दूरचित्रवाणीचा पडदा

भारतात दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्ली येथे प्रायोगिक स्वरूपात सुरू झाले. मुंबई केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी कार्यक्रम दिवसातून मोजकेच तास चालत आणि दूरचित्रवाणी संच असलेले घर एखाद्या आळीत एखादेच असे. १९८२ साली पडदा रंगीत झाला. १९९० नंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि कार्यक्रमांना रात्र-दिवस असा भेद उरला नाही. माजघरातली किंवा स्वयंपाकघरातली पंगत हळूहळू टीव्हीसमोर सरकली. संध्याकाळच्या मालिका आणि रात्रीचे जेवण यांची वेळ एकच झाली. आज तर टीव्ही बंद असला तरी ताटाशेजारी मोबाइलचा छोटा पडदा चालू असतो.

जेवताना हा पडदा बंद असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलांना शिस्त लागावी किंवा रीतिरिवाज पाळले जावेत, एवढ्यासाठीच मी हे म्हणत नाही. या सवयीचा आपल्या शरीराच्या वजनाशी थेट संबंध आहे आणि वाढत्या वजनाचा प्रश्न आता सधन घरांपुरता राहिलेला नाही. २०१९-२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष यांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त आहे. २०१५-१६ च्या सर्वेक्षणात हेच प्रमाण अनुक्रमे २१ व १९ टक्क्यांच्या आसपास होते. वाढत्या वजनामागून मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार येतात. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर चालते, त्याच्या घरात असा आजार शिरला तर औषधांचा खर्च आणि बुडालेली रोजी असा दुहेरी भार कुटुंबावर पडतो.

टीव्ही पाहताना माणूस जास्त का खातो? पोट भरल्याची जाणीव केवळ पोटातून होत नाही. अन्न आतड्यात उतरू लागले की काही संप्रेरके स्रवतात आणि त्यांचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचतो. या क्रियेला काही मिनिटे लागतात. सावकाश आणि लक्षपूर्वक जेवणाऱ्याला हा संदेश वेळेवर कळतो. ज्याचे डोळे आणि मन मालिकेतील भांडणात गुंतलेले असते, त्याचा हात यंत्रासारखा ताटातून तोंडाकडे जात राहतो. ‘आता पुरे’ असे सांगणारा आतला आवाज त्याला ऐकू येत नाही. मग भूक भागली म्हणून तो थांबत नाही, मालिकेचा भाग संपला म्हणून थांबतो.

दुसरे कारण स्मरणशक्तीचे आहे. आपण काय व किती खाल्ले, हे लक्षात असणे हादेखील तृप्तीचा एक भाग आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली स्मृती गमावलेल्या दोन रुग्णांविषयी लिहिले. एक जेवण झाल्यावर थोड्याच वेळात त्यांच्यापुढे दुसरे जेवण ठेवले, तर ते तेही खात. पोट भरलेले होते, पण जेवल्याची आठवण नव्हती. जेवताना टीव्ही पाहणाऱ्याची स्मृती शाबूत असते, तरी जेवणाचा ठसा तिच्यावर पुसटच उमटतो. इंग्लंडमधील संशोधक सुझान हिग्ज यांना प्रयोगांत असे आढळले, की दुपारचे जेवण टीव्ही पाहत घेणाऱ्या स्त्रियांनी नंतर समोर ठेवलेली बिस्किटे अधिक खाल्ली. म्हणजे जेवणाच्या वेळी हरवलेल्या लक्षाचा परिणाम पुढच्या खाण्यावरही होतो.

टीव्हीसमोर आपण काय खातो, हेही पाहिले पाहिजे. तेथे कोशिंबीर किंवा पालेभाजी क्वचितच येते. फरसाण, शेव, वेफर्स आणि गोड पेये यांचीच चलती असते. शंभर ग्रॅम तळलेल्या फरसाणातून साधारणपणे पाचशे किंवा त्याहून अधिक किलोकॅलरी ऊर्जा मिळते. पाच-सहा फुलके खावेत, तेव्हा तेवढी ऊर्जा मिळते. फुलके आपण मोजून खातो. फरसाणाच्या मुठी कोणीच मोजत नाही. त्यात मधूनमधून खाद्यपदार्थांच्या जाहिराती येतात आणि भूक नसतानाही खाण्याची इच्छा जागी करतात.

मुलांच्या बाबतीत तर अधिक सावध राहायला हवे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात दोन प्राथमिक शाळांमध्ये झालेल्या एका प्रयोगाचा अहवाल १९९९ साली प्रसिद्ध झाला. एका शाळेतील मुलांना टीव्ही, ध्वनिचित्रफिती व व्हिडिओ खेळ यांचा वेळ कमी करण्यास शिकवले गेले. आहार किंवा व्यायाम यांचे वेगळे धडे दिले नव्हते. तरीही दुसऱ्या शाळेतील मुलांच्या तुलनेत या मुलांची लठ्ठपणाकडे होणारी वाढ कमी राहिली. टीव्हीसमोर होणारी त्यांची जेवणेही कमी झाली.

यावर काही जण म्हणतील, ‘दिवसभर राबून घरी आल्यावर तेवढाच विरंगुळा. तोही काढून घ्यायचा का?’ हा प्रश्न रास्त आहे. अनेक कुटुंबे एकाच खोलीत राहतात. टीव्ही, चूल आणि अंथरूण सारे तिथेच असते. तेव्हा टीव्ही टाळायचा म्हणजे जायचे कुठे? शिवाय वजन वाढण्यास टीव्ही हे एकमेव कारण नाही. बैठे काम, अपुरी झोप, व्यायामाचा अभाव, आनुवंशिकता अशी इतर कारणेही आहेत. हे सर्व मान्य करूनही माझा आग्रह कायम राहतो, कारण मी टीव्ही सोडायला सांगत नाही. वीस मिनिटे तो बंद ठेवावा, एवढेच सांगतो. जागा एकच असली तरी वेळ वेगळी करता येते. जेवण मालिकेच्या आधी उरकावे किंवा नंतर घ्यावे. या उपायाला पैसा लागत नाही, औषध लागत नाही आणि ताटातील घासही कमी करावा लागत नाही.

याचा आणखी एक लाभ घरातील स्त्रीला होईल. सर्वांना वाढून झाल्यावर, उरलेसुरले घेऊन, टीव्हीकडे पाहत एकटीने जेवणाऱ्या गृहिणी आजही घरोघरी दिसतात. पडदा बंद करून सारे एकत्र बसले, तर तिच्या ताटात काय पडते आणि काय पडत नाही, हे इतरांच्या लक्षात येईल. मुले शाळेतील गोष्टी सांगतील. कोण कमी जेवतो, कोण भराभर गिळतो, हेही कळेल.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट ठाऊक होती. चरकसंहितेत भोजनाचे नियम सांगताना फार घाईने किंवा फार रेंगाळत जेवू नये, बोलण्या-हसण्यात गुंतू नये आणि मन अन्नावर ठेवावे, असा उपदेश केला आहे. त्या काळी दूरचित्रवाणी नव्हती, परंतु मन भरकटले की आहाराचे माप चुकते, हे त्या वैद्यांनी ओळखले होते. कुटुंबातील चार शब्दांचे बोलणे जेवणाला बाधक ठरते, असे मला वाटत नाही. ताटावरून नजर कायमची हटवणारा पडदा मात्र निश्चितच बाधक आहे.

अन्न मिळवण्यासाठी आपण दिवसभर कष्ट करतो. ते अन्न समोर आल्यावर त्याच्याकडे लक्ष देणे, त्याची चव घेणे आणि पोट भरताच थांबणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. आजच्या रात्रीपासून एका जेवणापुरता हा नियम पाळून पाहावा. शरीर आपले माप स्वतःच सांगते. ते ऐकण्याइतकी शांतता मात्र जेवणाच्या वेळी घरात असली पाहिजे.