डब्यावरची चिठ्ठी

गेल्या डिसेंबरात भौतिकशास्त्राच्या मुलांनी हवामानाचा फुगा सोडला. त्यात मराठी वाङ्मय मंडळाचं काय काम, असं मला अजून विचारतात. काम एवढंच होतं की, डबा कुणाला सापडला तर त्यानं काय करावं हे सांगणारी चिठ्ठी लिहून द्यायची. ती मी लिहिली, आणि ती चुकली. म्हणून हा लेख. माझं मत असं की जिथं डबा पडणार तिथल्या भाषेत चिठ्ठी नसेल, तर फुगा सोडूच नये.

फुगा सोडणं तसं अवघड नाही. पातळ रबराचा फुगा, त्यात हेलियम, खाली पॅराशूट, त्याखाली दोरीनं बांधलेला थर्माकोलचा डबा. डब्यात जीपीएस, तापमापक, छोटा कॅमेरा आणि बॅटरी. मिनिटाला साधारण 300 मीटर या वेगानं तो चढतो. वर हवा विरळ होत जाते तसा फुगत जातो आणि शेवटी फुटतो. हवामान खात्याचे फुगे पणजीसारख्या केंद्रांवरून रोज असेच जातात. खरा त्रास परवानगीचा. सांबऱ्याचा विमानतळ जवळ, त्यामुळे पत्रं, सह्या, पुन्हा पत्रं यात सात आठवडे गेले. ते योग्यच आहे म्हणा. विमानाच्या वाटेत आमचा डबा कुणाला हवाय?

माग काढणं त्याहून मजेचं. साधं जीपीएस 18 किलोमीटरच्या वर गेलं की बऱ्याचदा गप्प बसतं. उंचावर चालणारा प्रकार मुद्दाम निवडावा लागतो. मोबाईलचं सिमही वर उपयोगाचं नाही, कारण टॉवरचे अँटेना जमिनीकडं झुकलेले असतात. म्हणून 865 ते 867 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला, परवाना न लागणारा छोटा रेडिओ बसवला. तो फक्त जागा आणि उंची कळवायचा. तापमान आणि फोटो डब्यातल्या कार्डावर.

आता माझी चूक. वाऱ्याच्या अंदाजावरून फुगा कुठं पडेल हे दाखवणारी प्रणाली इंटरनेटवर फुकट आहे. आदल्या रात्रीच तिनं सौंदत्ती तालुका दाखवला होता. डिसेंबरात वरचे वारे पश्चिमेकडून येतात, म्हणजे बेळगावहून सोडलेलं पूर्वेलाच जाणार. पूर्वेला कोणती भाषा, हे सांगायला संगणक लागत नाही. तरी मी चिठ्ठी लिहिली ती मराठीत आणि इंग्रजीत. चांगली लिहिली होती, 'आकाशातून आलेला हा पाहुणा' वगैरे. प्रयोगशाळेतल्या मामांनी वाचली आणि म्हणाले, "बरं हाय. खरं कन्नड कुठं हाय?" आमच्यातला एकजण म्हणाला, "आम्ही कशाला लिहायचं?" सगळे हसले. मीही हसले. मला कन्नड येतं. दहावीपर्यंत शिकलेय, मार्कही बरे होते.

26 किलोमीटरपर्यंतचे आकडे आले, मग आकडे झपाट्यानं उतरायला लागले. शेवटचा आकडा जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीचा, मग रेडिओ गप्प. दोन दिवस आम्ही जोंधळ्याच्या रानांतून फिरलो. तिसऱ्या दिवशी सरांना फोन आला. एका अज्जांच्या रानात डबा पडला होता. आत दिवा लुकलुकतोय, वायरी बाहेर आलेल्या. अज्जांना वाटलं बाँब. त्यांनी तो लांब काठीनं ढकलून जनावरांच्या पाण्याच्या टाकीत बुडवला आणि नातवंडांना घरात कोंडलं. सातवीतल्या नातीनं इंग्रजी ओळींतला फोन नंबर ओळखला म्हणून आम्हाला तेवढं तरी कळलं. अज्जांनी केलं ते बरोबरच केलं. मीही तेच केलं असतं. ते आमची माफी मागत होते, ते ऐकवत नव्हतं. कार्डावरचं काहीच वाचता आलं नाही. फुगा 26 किलोमीटरवर गेला हे माहीत आहे, तिथं किती थंडी होती हे नाही.

1902 साली फ्रान्सच्या तेसराँ द बोर यांनी वातावरणाचा एक नवा थर जाहीर केला; त्यालाच पुढं स्ट्रॅटोस्फिअर नाव पडलं. त्या काळी फुग्यावर रेडिओ नव्हता. नोंदी वाचायच्या तर यंत्र परत हातात यायला हवं. म्हणजे तो थर कळायला कुणाकुणाच्या रानात पडलेली यंत्रं शाबूत परत यावी लागली. मोठ्या संस्थांनाही हे चुकत नाही. हैदराबादहून सोडलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या फुग्याची यंत्रं जानेवारी 2025 मध्ये बीदर जिल्ह्यातल्या जलसंगी गावात उतरली, तेव्हा तिथले लोकही दचकलेच.

मंडळाच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं, तर दोघं नाराज झाले. पाट्यांवरून आपल्याकडं काय काय झालंय ते मलाही ठाऊक आहे, आमच्या घरानंही सोसलंय. मराठी पाटीसाठी मी अजून भांडेन. पण पाटी आपल्या दारावर असते. चिठ्ठी दुसऱ्याच्या रानात, त्याला न विचारता जाऊन पडते. तिथं माझी अस्मिता घेऊन तो अज्जा काय करणार? आणि पुढं कधी आम्ही पावसाळ्यात सोडला, वरच्या वाऱ्यांनी पश्चिमेला चंदगडकडं नेला, तर मराठी वर असावी हे मीच सांगेन.

या वर्षी पुन्हा सोडायचा आहे. चिठ्ठी मीच लिहितेय. पाहुणाबिहुणा काढून टाकला. पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरात 'हेदरबेडि' लिहिलं, म्हणजे घाबरू नका. मामांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "हे पुस्तकातलं झालं गं. तिकडं 'अंजब्याडरी' म्हणतात." खोडून तेच लिहिलंय.