घारापुरीची सहल: मुक्काम हवा की मोठा दिवस?

गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावरून सकाळी लाँच धरायची, तासाभरात घारापुरी गाठायची, लेणी पाहायची, पायऱ्यांवर तिखटमीठ लावलेली कैरी खायची आणि अंधार पडायच्या आत मुंबईत परतायचे. मुंबईतल्या कितीतरी जणांची समुद्रप्रवासाशी पहिली ओळख याच सहलीने झाली आहे. पर्यटकाने बेटावर मुक्काम करायचा नाही, हा तिचा एक दंडक. ज्याला रात्री घरीच जायचे असते त्याला तो जाणवतही नाही. संध्याकाळची शेवटची लाँच सुटली की घारापुरी पुन्हा गावकऱ्यांची होते. हा दंडक तसाच ठेवावा की बेटावरच्या घरांतून पाहुण्यांना राहू द्यावे, हा प्रश्न मात्र आता टाळता येण्याजोगा राहिलेला नाही. दोन्ही बाजूंना समंजस माणसे आहेत आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

आधी बेटावरच्या माणसांचे म्हणणे. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन वाड्यांत मिळून हजार-बाराशे लोक राहतात. मुंबईच्या डोळ्यांसमोर असले तरी हे गाव रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्याचे आहे. दवाखाना, कॉलेज, बाजार यांसाठी त्यांना पाणी ओलांडावेच लागते. कमाई होते ती सकाळी दहा ते संध्याकाळी पाचच्या दरम्यान, त्यातही जेवणाच्या आगेमागे. सोमवारी लेणी बंद, म्हणजे धंदा बंद. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच भरवशाच्या राहत नाहीत. शिवाय पर्यटकाची वाट ठरलेली: धक्का, छोटी रेल्वे, सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, लेणी आणि त्याच वाटेने परत. पायऱ्यांच्या दुतर्फा ताडपत्रीखाली ज्याची टपरी आहे त्याच्या पदरात काही पडते. त्या वाटेपासून दूर असलेल्या मोराबंदर किंवा राजबंदरच्या घरापर्यंत पर्यटक सहसा पोहोचतच नाही. रात्री राहणारा पाहुणा मात्र तिथवर जाईल, कालवण-भाकरी खाईल आणि त्याचे पैसे चूल सांभाळणाऱ्या बाईच्या हातात येतील. समुद्रात ओझरत्या दिसणाऱ्या बेटापेक्षा हे बेट वेगळे आहे, तिथे माणसे राहतात, हेही त्याला कळेल.

या युक्तिवादाला २०१८ नंतर वजन आले आहे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत घारापुरीला कायमची वीज नव्हती. डिझेलच्या जनित्रावर संध्याकाळचे जेमतेम तीन तास दिवे लागत. मग समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकून तिन्ही वाड्या उजळल्या. रात्री पंखा चालत नव्हता तोवर मुक्कामाची चर्चा करण्यात अर्थ नव्हता. आता तो आहे. वीज द्यायची आणि तिच्यावर चालू शकणारा व्यवसाय नाकारायचा, यात विसंगती आहे असे गावकऱ्याला वाटले तर त्यात गैर काही नाही.

तथापि बेटाची जागा नकाशावर नीट पाहिली की दुसरी बाजू समोर येते. लाँच निघते तीच नौदलाच्या गोदीशेजारून. वाटेत जवाहर द्वीपावरचे तेलाचे धक्के लागतात, समोर न्हावाशेव्याच्या क्रेन दिसतात आणि उत्तरेला तुर्भ्याच्या किनाऱ्यावर भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. इतक्या नाजूक ठिकाणांच्या मधोमध असलेले दुसरे पर्यटनस्थळ देशात शोधावे लागेल. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर याच शहरात समुद्रमार्गे उतरले होते. संध्याकाळनंतर बेटावर फक्त ओळखीचे चेहरे असावेत, हा सुरक्षा यंत्रणांचा आग्रह म्हणूनच बाऊ म्हणून झटकता येत नाही.

पाण्याचा मुद्दा याहून साधा आहे, पण माझ्या मते तोच सर्वांत अवघड. बेट पावसाचे साठवलेले पाणी वापरते आणि उन्हाळ्यात टंचाई सोसते. दिवसाचा पर्यटक पिण्याची बाटली बरोबर आणतो आणि रिकामी झाली की, दुर्दैवाने, बऱ्याचदा तिथेच टाकतो. मुक्कामी पाहुण्याला आंघोळ लागते, धुतलेली चादर लागते, वाहते पाणी असलेला संडास लागतो. त्याचे सांडपाणी खारफुटीत सोडायचे नसेल तर ते जिरवण्याची सोय हवी, आणि त्याचा कचरा होडीत भरून पलीकडे न्यायला हवा. यात अशक्य काही नाही. फक्त हे सगळे पहिला पाहुणा येण्याआधी उभे राहायला हवे आणि आपल्याकडे क्रम सहसा उलटा असतो.

लेणी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरांत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगीशिवाय करता येत नाही, असे कायदा सांगतो. वाड्यांतल्या जुन्या घरातली एखादी खोली पाहुण्याला दिल्याने स्मारकाला धक्का लागणार नाही, हे खरे. पण खोली एकच राहील याची हमी कोण देणार? ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ ही पाटी हॉटेलची कधी झाली, हे कोकणातल्या कितीतरी किनाऱ्यांवर शेजाऱ्यालाही कळले नाही. जमीन विकून बाहेर गेलेला माणूस मग त्याच हॉटेलात नोकरी मागायला येतो. मुक्कामाला विरोध करणारे गावकऱ्यांचे वैरी आहेत असे समजण्याचे कारण नाही. त्यांतल्या अनेकांना गावकऱ्याच्या हातातून गाव जाईल, हीच काळजी आहे.

दुसरीकडे, या आक्षेपांतला एकही अभेद्य नाही. सुरक्षेचेच घ्या. नाव-गाव-ओळखपत्राची नोंद करून राहणारे पंचवीस पाहुणे जास्त धोक्याचे, की सुट्टीच्या दिवशी कोणतीही नोंद न होता उतरणारी आणि परतणारी हजारोंची गर्दी? पाहुण्यांच्या संख्येवर ग्रामपंचायतीला मर्यादा घालता येईल, आणि परवाने फक्त मूळ रहिवाशांना, विकता न येणारे असे देता येतील. मुक्कामाच्या बाजूने बोलणारे हे सगळे मांडतात. कागदावर ते बिनचूक आहे. अडचण कागद आणि धक्का यांच्यामधल्या अंतराची आहे.

यावर ‘मग आहे तेच बरे’ असे म्हणणे सोपे आहे. मात्र आहे ते फारसे बरे नाही.

रविवारी दुपारी साडेबाराला मोठ्या लेण्यात शिरून पाहावे. सभामंडप उत्तर, पूर्व आणि पश्चिम अशा तिन्ही बाजूंनी उघडा आहे आणि महेशमूर्ती आहे दक्षिणेच्या भिंतीत, खोलवर. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना आधी नुसता अंधार दिसतो. पाच-सात मिनिटे उभे राहिले की मधला शांत चेहरा उमटू लागतो, मग एका बाजूचा उग्र आणि दुसऱ्या बाजूचा कोमल, आणि त्यानंतर कुठे मुकुटांवरची नक्षी. सहाव्या शतकातल्या शिल्पींनी हा अंधार हिशोबात धरला असावा असे वाटते. पण ही पाच-सात मिनिटे मिळतात कुणाला? मागून शाळेच्या सहलीची रांग रेटत असते, पुढे फोटोसाठी पाठमोरे उभे असलेले कुटुंब, आणि मनात परतीच्या लाँचची वेळ. अर्धनारीश्वर आणि गंगाधर मूर्तीच्या दोन्ही अंगांना आहेत, ते बरेच जण न पाहताच बाहेर पडतात आणि माकडांनी पळवलेल्या बाटलीची गोष्ट घेऊन घरी जातात. दोष पर्यटकाचा नाही. त्याचा दिवसच इतका आखडता आहे की सगळे एकाच वेळी येतात आणि एकाच वेळी निघतात.

हा आखडता दिवस पाण्यावरही जाणवतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी दुपारी चारच्या सुमारास घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची स्पीडबोट आदळली आणि पंधरा जणांचे प्राण गेले. त्या टकरीशी सहलीच्या वेळापत्रकाचा संबंध जोडणे अन्यायाचे होईल. बोट भरल्यावर ती किती भरली आहे, अंगावर लाइफ जॅकेट आहे की बाकाखाली, हे प्रश्न मात्र त्या दिवसापासून सर्वांच्या तोंडी आले आणि जॅकेटची सक्ती झाली. गर्दी तीन-चार तासांत कोंबली जाते तेव्हा ‘आणखी दहा जण घ्या’ म्हणण्याचा मोह वाढतो, एवढे तरी मान्य व्हावे. वरच्या डेकवर जायला वेगळे पैसे घेणारा पोऱ्या आणि हिवाळ्यात कुरव पक्ष्यांना गाठी टाकणारी मंडळी हा या प्रवासाचा गमतीचा भाग आहे, आणि पाखरांच्या पोटाचा विचार केला तर तितकासा गमतीचाही नाही. पण तो वेगळा विषय.

बाहेरचे एक उदाहरण इथे उपयोगी पडते. थायलंडमधली माया बे ही खाडी एका हॉलिवूड चित्रपटामुळे जगभर गाजली आणि दिवसभराच्या बोटसहलींनी इतकी तुडवली गेली की २०१८ मध्ये ती बंद करावी लागली. २०२२ च्या आरंभी ती उघडली तेव्हा सहल दिवसाचीच राहिली, पण तिचा आकार बदलला. बोटींना खाडीत नांगर टाकायला मनाई झाली, त्या बेटाच्या मागच्या अंगाला लागू लागल्या आणि एका वेळी किती माणसे असावीत यावर मर्यादा आली. बंदीच्या काळात होडीवाल्यांचे हाल झाले, हे या गोष्टीत सहसा सांगितले जात नाही. ते विसरून हे उदाहरण वापरता येणार नाही. शिवाय माया बेच्या किनाऱ्यावर गाव नव्हते. घारापुरीत आहे आणि आधी तेच आहे.

हे सारे एका तागडीत घातले तर माझा कल मुक्काम सध्या नको या बाजूला झुकतो. पाण्याची आणि सांडपाण्याची व्यवस्था नसताना रात्रीची परवानगी दिली, तर तिचा पहिला फटका गावातल्याच हंड्याला बसेल. पण ‘नको’ एवढे म्हणून थांबण्याचा अधिकार मुंबईत बसून लिहिणाऱ्याला नाही. मुक्काम नाकारायचा असेल तर दिवस मोठा केला पाहिजे. पहिली लाँच सूर्योदयाला सुटावी, लेण्यांचे दरवाजे सकाळी लवकर उघडावेत, तिकिटावर वेळेचा टप्पा छापलेला असावा आणि शेवटची परतीची फेरी दिवेलागणीनंतर असावी. अटल सेतू झाल्यापासून मुंबईहून उरणच्या बाजूला जाणे सोपे झाले आहे आणि तिथून बेट गेटवेपेक्षा जवळ आहे. तिकडून नियमित फेऱ्या सुरू झाल्या तर गेटवेवरचा ताण हलका होईल आणि त्या होड्या बेटावरच्या लोकांना चालवता येतील. सकाळी साडेसातला उतरलेल्या माणसाला नाश्ता लागतो, दुपारी जेवण लागते, आणि लेणी पाहून झाल्यावर हातात वेळ उरला तर तो पूर्वेच्या टेकडीवरचा स्तूप किंवा वरच्या तोफा पाहायला चालत निघतो. ती वाट वाड्यांकडे वळवता येते. मुक्कामातून अपेक्षित असलेल्या कमाईचा बराचसा हिस्सा असा दिवसाउजेडी मिळू शकतो.

बराचसा, सगळा नव्हे. ही तफावत लपवू नये. लेण्यांच्या तिकिटाचे पैसे पुरातत्त्व खात्याकडे जातात, ग्रामपंचायतीच्या वाट्याला येतो तो पर्यटकांकडून घेतला जाणारा किरकोळ कर. सुरक्षेसाठी आणि वारशासाठी गावाने रात्रीच्या उत्पन्नावर पाणी सोडायचे असेल, तर त्या तिकिटातला ठरावीक हिस्सा पाणीपुरवठ्यासाठी आणि कचरा वाहून नेणाऱ्या होडीसाठी बेटावरच राहायला हवा.

मोठ्या दिवसालाही आक्षेप आहेत. लाँचमालक म्हणतील, पहाटेची फेरी अर्धी रिकामी जाईल आणि डिझेल पूर्ण जळेल. पहिली काही वर्षे ते खरे ठरेल, तेव्हा त्या फेरीला सरकारी मदत द्यावी लागेल. लेण्यांवरच्या कर्मचाऱ्यांनाही पाण्यापलीकडूनच यावे लागते, त्यांच्या पाळ्या वाढतील. पावसाळ्यात हे वेळापत्रक कोलमडेल आणि ते कोलमडू द्यावे, कारण जून-जुलैच्या समुद्रात वेळ पाळण्याचा हट्ट परवडत नाही. गावातलेही काही जण म्हणतील की संध्याकाळची शांतता हीच आमची कमाई होती, ती दीड-दोन तासांनी कमी झाली. हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. त्याचा निवाडा ग्रामसभेनेच करावा.

यासाठी चार-पाच वर्षांची मुदत पुरेशी आहे. तेवढ्यात पहाटेची लाँच सुरू झाली नाही, तिकिटातला हिस्सा बेटावर आला नाही आणि पाण्याची सोय होती तिथेच राहिली, तर गावकरी मुक्कामाची मागणी घेऊन पुन्हा येतील. त्या वेळी त्यांना नाही म्हणायला माझ्याकडे तरी कारण उरलेले नसेल.