मुका बिऱ्हाडकरू

उन्हाळी सुट्टीच्या सुमारास बदल्यांचे आदेश निघाले, की परभणीत जागा शोधणाऱ्यांची एक लहानशी वारीच सुरू होते. जिंतूर, सोनपेठ, पालम येथून आलेले शिक्षक, महसूल आणि जिल्हा परिषदेच्या कचेऱ्यांतील लिपिक, बँकांत नव्याने रुजू झालेले कर्मचारी वसमत रोड आणि जिंतूर रोडवरच्या वसाहतींतून भर दुपारी पाट्या वाचीत हिंडताना दिसतात. घर दाखविले जाते, भाडे ठरत येते, नळाच्या पाण्याची पाळी समजावून सांगितली जाते. आणि निघता निघता घरमालकीणबाई सहज विचारतात, 'घरात माणसं किती?' चार माणसे आणि एक कुत्रा, असे खरे उत्तर देणाऱ्याची बोलणी तेथेच संपतात. ती जागा एकाएकी 'नात्यातल्याला द्यायची' ठरलेली असते.

पाऊस, पीकविमा आणि बेकारी यांनी गांजलेल्या जिल्ह्यात हा प्रश्न चर्चेस घेण्याजोगा आहे काय, असे कोणी विचारील. कुत्र्यामांजरांचे कौतुक हे मुंबई-पुण्याच्या सदनिकांतले खूळ, असा एक सोयीस्कर समज आहे. तो खरा नाही. तालुक्याच्या गावी, शाळेजवळच्या अंगणाच्या घरात राहणाऱ्या शिक्षकाकडे कुत्रे असते ते हौसेपेक्षा सोबतीसाठी. लेकरे त्याच्याबरोबर वाढलेली असतात. मुलांच्या शिक्षणासाठी खेडे सोडून शहरात खोली करणाऱ्या शेतकरी कुटुंबाबरोबर म्हातारीची मांजर येते, कधी एखादी शेळीही येते. जनावर हे घरातले माणूस मानण्याची रीत येथे शहरातून आलेली नाही. ती गोठ्यातून आलेली आहे. अडचण उद्भवते ती हे घर भाड्याच्या जागेत शिरू पाहते तेव्हा.

अशा वेळी बिऱ्हाडकरूपुढे दोन वाटा उरतात. पहिली खोटे बोलण्याची. कुत्रा पंधरा दिवस नातलगाकडे ठेवायचा, सामान लावून झाले की रात्री गुपचूप आणायचा, आणि मालकाने विचारलेच तर 'चार दिवसांचा पाहुणा आहे' म्हणायचे. या लपंडावात विश्वास पहिल्याच महिन्यात संपतो आणि पुढचे दहा महिने दोन्ही घरे एकमेकांची पावले मोजीत राहतात. दुसरी वाट अधिक शांत आणि अधिक क्रूर आहे. टेम्पोत कपाट चढते, गाद्या चढतात, लेकरे चढतात. कुत्रा रस्त्यावर राहतो. तो काही दिवस त्याच बंद दाराशी बसतो, मग गल्लीतल्या टोळीत शिरतो किंवा तिच्याकडून फाडला जातो. पुढे तोच 'मोकाट' ठरतो आणि त्याच्या नावाने नगरपालिकेकडे तक्रारी जातात. रस्त्यावरच्या कुत्र्यांविषयी 2025 सालच्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाचे आदेश झाल्यापासून देशभर पुष्कळ चर्चा झाली. त्यांतले काही काल-परवापर्यंत कोणाच्या तरी ओसरीवरचे होते, याचा उच्चार मात्र त्या चर्चेत क्वचितच झाला.

प्राण्याला असे टाकून देणे हा गुन्हा आहे, हे पुष्कळ सुशिक्षितांना ठाऊक नसते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यातील अकराव्या कलमानुसार, उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत वाजवी कारणावाचून प्राणी सोडून देणारा शिक्षेस पात्र ठरतो. शिक्षा किती? पहिल्या गुन्ह्यास कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त पन्नास रुपये दंड. ज्या टेम्पोने सामान गेले त्याच्या हमालीतही ही रक्कम जमेस धरली जाणार नाही. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले खरे. पण त्या कर्तव्याची बाजारातील किंमत अद्याप पन्नास रुपयांच्या वर गेलेली नाही.

या भूमीला तर ही शिकवण घटनेच्या पुष्कळ आधी मिळालेली होती. नामदेवांचे गाव म्हणून ओळखली जाणारी नरसी आज हिंगोली जिल्ह्यात आहे. 1 मे 1999 रोजी तो जिल्हा वेगळा होईपर्यंत ती परभणीतच होती. नामदेवांच्या घरी राबलेल्या जनाबाईंचे गंगाखेड आजही परभणीतच आहे. कोरडी पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा येथील प्रत्येक कीर्तनकाराने सांगितलेली आणि प्रत्येक घरमालकाने ऐकलेली असते. अर्थात नामदेवांना त्या कुत्र्यासह भाड्याची खोली शोधावी लागली नव्हती, हेही खरे. आणि कीर्तनातल्या पुराव्यावर कोणी करारनामा करून देत नाही.

घरमालकाला खलनायक ठरविणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. परभणीसारख्या शहरातला मालक हा दहा इमारतींचा धनी नसतो. निवृत्तीच्या पैशातून प्लॉट घेतलेला, खाली स्वतः राहणारा आणि वरच्या मजल्याच्या भाड्यावर औषधपाण्याचा खर्च भागविणारा तो जुना शिक्षक किंवा कारकूनच असतो. जिना एक, गच्ची एक, पाण्याची टाकी एक. वरचा कुत्रा रात्री भुंकला तर ते भुंकणे त्याच्या उशाशी होते. घरात नातवंड रांगत असते, त्याला चावण्याचे भय असते. गच्चीवर पापड-कुरडया वाळत घातलेल्या असतात. जेथे पाणी मोजून वापरावे लागते तेथे वरचा मजला धुण्यास बादल्या किती जातील, हा प्रश्न क्षुद्र नव्हे. आधीच्या बिऱ्हाडाच्या कुत्र्याने दार कुरतडलेले असेल आणि भरपाईची भाषा काढताच त्या बिऱ्हाडाने तोंड फिरविले असेल, तर 'प्राणी नको' ही अट द्वेषाची राहत नाही; ती अनुभवाची असते.

म्हणूनच महानगरांतले उत्तर येथे लागू पडत नाही. गृहनिर्माण संस्थांना बहुमताचा ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले. वर्तमानपत्रांतून त्याचा गाजावाजा झाला. पण ते सारे सोसायटी आणि सभासद यांच्यातले भांडण. जेथे सोसायटीच नाही, एकच फाटक आणि एकच मालक आहे, तेथे ही सूचना कोणाला दाखवायची? आपले घर कोणाला द्यावे, हे ठरविताना प्राणी पाळणाऱ्याला वगळू नये असे बंधन मालकावर घालणारा कायदा आपल्याकडे नाही.

येथे एक विसंगती नोंदविण्याजोगी आहे. कुत्र्याला नकार देणाऱ्या पुष्कळ घरांत पिंजऱ्यातल्या पोपटाला कोणाची हरकत नसते; उलट लेकरे त्याला मिरची भरवायला येतात. वस्तुतः आपला हा नेहमीचा हिरवा पोपट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो आणि त्याला पिंजऱ्यात ठेवणे हाच गुन्हा आहे. ज्या प्राण्याला कायदा घरात ठेवू देत नाही त्याला घरमालक ठेवू देतो, आणि कायद्याला ज्याचे वावडे नाही त्याला मालकाचे दार बंद!

आणखी एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण त्याच्यात हेतुतः गोंधळ केला जातो. जागा दाखविताना आडनाव विचारले जाते, 'खाणंपिणं काय' हे विचारले जाते, आणि त्या उत्तरांवरही दारे बंद होतात. परभणीतल्या मुसलमान आणि दलित कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. तो अन्याय वेगळ्या जातीचा आहे आणि कोणत्याही अटीशर्तींनी तो सुसह्य होत नाही, कारण माणसाच्या जन्माला तोडगा नसतो. कुत्र्याच्या प्रश्नाला असतो. लस टोचून घेता येते, अनामत वाढविता येते, रात्री त्याला घरात घेता येते. पण 'प्राणी चालत नाही' हे सभ्य वाक्य कधीकधी दुसऱ्याच नकारावर पांघरलेले असते. त्याच मालकाने महिनाभरात 'आपल्यातल्या' माणसाला कुत्र्यासह जागा दिल्याचे दिसले, की पांघरूण गळून पडते.

तोडगा मग कोठे आहे? तो कागदावर आहे, आणि आपले दुर्दैव असे की परभणीत घरभाड्याचा व्यवहार कागदावाचूनच उरकण्याची सवय मोठी आहे. मराठवाड्याला पूर्वी हैदराबाद राज्याचा 1954 चा घरभाडे कायदा लागू होता. मुंबई इलाख्याचा कायदा वेगळा, विदर्भाचा वेगळा. 31 मार्च 2000 पासून अंमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने हे सारे एका सूत्रात आणले. त्याच्या पंचावन्नाव्या कलमाने प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे असे सांगितले, ती जबाबदारी घरमालकावर टाकली, आणि ती टाळणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी चुकते, ही समजूत जुन्या नोंदणी कायद्यातून आली. महाराष्ट्रात ती आता निराधार आहे. याच कलमात मालकांनी ध्यानात घ्यावी अशी एक गोष्ट आहे. असा नोंदलेला करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. म्हणजे 'कुत्रा आणू नका असे तोंडी सांगितले होते' या वाक्याला न्यायालयात फारसा आधार उरत नाही. उलटपक्षी भाडेकरूनेही हे विसरू नये की शेजाऱ्यांना उपद्रव देणारे वर्तन हे त्याच कायद्यात जागा खाली करून घेण्याचे एक कारण आहे. रात्रभर साखळीत भुंकणारा कुत्रा त्यात सहज बसू शकेल.

अन्य देशांनी या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे दिली. फ्रान्समध्ये 9 जुलै 1970 च्या कायद्याने राहत्या घरात पाळीव प्राणी ठेवण्यास मनाई करणारी अटच रद्दबातल ठरविली. मात्र प्राण्याने इमारतीची नासधूस करता कामा नये, इतर रहिवाशांची शांतता बिघडविता कामा नये. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात 2006 च्या कायद्याने करारातील 'प्राणी नको' हे कलम निरर्थक केले, पण घर देण्यापूर्वीच नकार देण्याची मालकाची मुभा तेथे उरली. इंग्लंडने 2025 साली भाडेकरूंच्या हक्कांचा जो कायदा केला त्यात भाडेकरूला प्राणी पाळण्याची परवानगी मागण्याचा हक्क दिला आणि वाजवी कारणावाचून मालकाला ती नाकारता येऊ नये अशी तरतूद केली. या तिघांत परभणीच्या परिस्थितीला मानवेल ते तिसरे. फ्रान्सचा मार्ग मोठ्या इमारतींतल्या स्वतंत्र गाळ्यांना शोभतो. एकाच जिन्याच्या घरात तो मालकावर जुलूम होईल. नकार द्यावा, पण कारण सांगून द्यावा, एवढी सक्ती झाली तरी बरेच साधेल. कारण सांगितले की त्यावर बोलता येते. 'भुंकतो' याला उत्तर आहे, 'चावेल' याला लसीचा दाखला आणि मुसके हे उत्तर आहे, 'दार कुरतडेल' याला अनामत हे उत्तर आहे. 'आमच्यात चालत नाही' याला उत्तर नाही, आणि म्हणूनच हे वाक्य इतके लोकप्रिय आहे.

कायद्याची वाट पाहत बसण्याचे मात्र कारण नाही. परभणीला कृषी विद्यापीठाबरोबर 1972 पासून पशुवैद्यक महाविद्यालयाचीही परंपरा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी एवढी सोय महाराष्ट्रात थोड्याच शहरांना लाभलेली आहे. लस टोचल्याचा, नसबंदीचा आणि प्रकृतीचा दाखला येथे मिळणे अवघड नसावे. हा दाखला करारनाम्याला जोडावा. त्यात चार ओळी लिहाव्यात: प्राणी कोणता आणि किती, रेबीजची लस दरवर्षी टोचली जाईल, गच्ची आणि जिना यांची स्वच्छता कोणाकडे, नासधूस झाल्यास खर्च अनामतीतून कसा वळता होईल. आणि पाचवी ओळ मालकासाठी: तक्रार असल्यास ती लेखी कळवून महिन्याभराची मुदत द्यावी, भर परीक्षेच्या दिवसांत 'उद्याच कुत्रा काढा' असे म्हणू नये.

भाडेकरूंचेही काही चुकते, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दोन खोल्यांत राहणाऱ्याने मोठ्या जातीचे विलायती पिल्लू आणावे आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याला गच्चीवर बांधून शाळेत जावे, हे प्राणिप्रेम नव्हे. सकाळी कुत्र्याला शेजाऱ्याच्या फाटकाशी बसवून स्वतः आकाशाकडे पाहत उभे राहणारे गृहस्थ प्रत्येक वसाहतीत आहेत. पुढच्या दहा बिऱ्हाडकरूंची दारे तेच बंद करून जातात. बदलीची नोकरी आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याने पिल्लू आणण्यापूर्वी दहा-बारा वर्षांचा हिशेब करावयास हवा. 2005 च्या बदल्यांच्या कायद्याने सरकारी नोकराचा एका पदावरील सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा धरला आहे. म्हणजे एका कुत्र्याच्या आयुष्यात तीन-चार वेळा तरी सामान बांधावे लागणार, तीन-चार फाटकांशी तोच प्रश्न विचारला जाणार, आणि प्रत्येक वेळी टेम्पोत जागा कोणाला आणि रस्ता कोणाला, हे घरातल्या लेकरांच्या डोळ्यांदेखत ठरणार.